डेरेदाखल

तंबूत राहण्याचा प्रसंग आमच्या घराण्यावर तीन वेळा आला, आणि तिन्ही वेळा तो प्रसंगच होता. आजोबांनी प्लेगच्या साथीत साताऱ्याबाहेरच्या माळावर पाल ठोकले. वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून असल्यामुळे, हिवाळ्यात प्रांतसाहेबांची स्वारी फिरतीवर निघाली म्हणजे दप्तराच्या गाड्यांमागोमाग जाऊन त्यांना राहुटीत मुक्काम करावा लागे. आणि खुद्द मी, ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर घराच्या भिंतींवरचा विश्वास उडाल्यामुळे, अंगणात दोन लुगडी व एक सतरंजी यांच्या आडोशाला आठ रात्री काढल्या. तेव्हा नैरोबीस नोकरीला असलेल्या आमच्या जावयांनी, “बाबा, ऑगस्टात तुम्हां दोघांना मसाई मारात तंबूत ठेवायचं ठरवलंय,” असे दूरध्वनीवरून मोठ्या उल्हासाने कळविले, त्या वेळी आमच्या हातून त्यांच्या मानपानात कोणती कसूर राहून गेली असावी, याचा मी मनाशी शोध घेऊ लागलो.

त्यातून हा तंबू शृंगारलेला असणार होता. सातारा जिल्ह्यातील मनुष्याला शृंगारलेल्या तंबूविषयी एक वंशपरंपरागत संशय असतो, आणि त्याला १६५९ साली प्रतापगडाच्या पायथ्याशी उभारलेला तो जरतारी शामियाना कारण आहे. मोठ्या आदराने बोलावून, गालिचे अंथरून, मोत्यांच्या झालरी लावून ज्याची बडदास्त ठेवली जाते, त्याचे पुढे काय होते हे आम्ही चौथीच्या पुस्तकातच शिकलो आहोत.

तथापि जावयाचा शब्द मोडता येत नाही. नैरोबीच्या विल्सन विमानतळावरून मारात जाणारी विमाने एस. टी.च्या निमआराम गाडीएवढीही नसतात, आणि म्हणूनच की काय, त्यांत माणशी पंधरा किलोहून अधिक सामान नेता येत नाही. तेही मऊ पिशवीतून, कारण टणक पेटी त्या विमानाच्या पोटात मावत नाही. आमच्या पिशव्या काट्यावर चढल्या तेव्हा सौ.ची पिशवी सव्वादोन किलोंनी अधिक भरली, व तपासाअंती हा अतिरिक्त भार म्हणजे साताऱ्याचे कंदी पेढे, मेतकूट आणि एक लहानसा अडकित्ता आहे असे निष्पन्न झाले. माझ्या पिशवीतील दोन पुस्तके व एक कोट यांचे तेथेच विसर्जन होऊन पेढे पुढे रवाना झाले. १९०९ साली अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याच देशी शिकारीस आले, त्या वेळी त्यांच्याबरोबर डुकराच्या कातड्यात बांधलेल्या ग्रंथांचे एक छोटेखानी ग्रंथालय हमालांच्या डोक्यावरून हिंडत होते, असे मी पुढे वाचले. त्या गृहस्थांच्या कुटुंबाने पेढे आणले नव्हते, एवढाच याचा अर्थ.

पाऊण तासाने विमान खाली आले, पण उतरले नाही. खाली गवत काढलेली मातीची एक पट्टी होती, तिच्यावर काही झेब्रे उभे होते, आणि एक जीपगाडी शेतातली ढोरे हाकावी तशी त्यांना हाकीत होती. झेब्र्यांनी आपल्या सवडीने जागा खाली केल्यावर आम्ही भूमीवर आलो. लगेच कोणी ओला गार रुमाल हाती दिला, कोणी सरबत दिले, आणि एका तरुण व्यवस्थापकाने अत्यंत सुहास्य मुद्रेने एक कागद सहीसाठी पुढे केला. माझी सारी नोकरी महसूल खात्यात गेली असल्यामुळे न वाचता सही करणे मला शारीरिक दृष्ट्या अशक्य आहे. मी चष्मा लावून तो कागद उन्हात उभ्याने अथपासून इतिपर्यंत वाचला. येथील पशू खरोखरीचे वन्य आहेत, तळास कुंपण नाही, आणि सदर पशूंकडून लिहून देणाराच्या देहास काही कमीजास्त झाल्यास लिहून घेणाराकडे त्याची तोशीस नाही, असा त्याचा मथितार्थ होता. आमच्या जुन्या दप्तरात अशा लेखास फारकत म्हणत. आयुष्यात मी शेकडो फारकती पाहिल्या. परंतु त्यात सिंहाला एक पक्ष केलेला मी प्रथमच पाहिला, आणि त्याची मात्र सही कोठे घेतलेली नव्हती.

आता तंबूविषयी. पेशवाईत तंबू, कनाती, बिछायती यांचा एक वेगळा कारखाना असे, त्यास फरासखाना म्हणत. पुण्यात ते नाव आज पोलीस ठाण्याला चिकटून राहिले आहे. तो अख्खा फरासखाना कोणी उचलून मारा नदीच्या काठी आणून ठेवावा, असे ते दृश्य होते. लाकडी चौथऱ्यावर उभारलेला, आमच्या सातारच्या बैठकीच्या खोलीहून दीडपट लांबरुंद असा तो जाड कॅनव्हासचा डेरा. आत गालिचे, चार खांबांचा पलंग, पितळी दिवे, चामड्याच्या पट्ट्यांच्या पेट्या, लिहिण्याचे मेज, आणि मागल्या बाजूस कनातीआड स्नानगृह. आधुनिक काळाची खूण दिसू नये म्हणून तेथे इतकी मेहनत घेतली होती, की विजेचा खटका शोधण्यात माझा अर्धा तास गेला. मेजापाशी लाकडी दांड्यांची, कातड्याच्या बैठकीची, सहज मोडून गुंडाळता येणारी एक खुर्ची होती, आणि ती पाहताच मी चमकलो. कारण अशीच खुर्ची प्रांतसाहेबांच्या सामानात असे व ती उघडण्यामिटण्याचे काम वडिलांकडे येऊन त्यांचे बोट तीत दोनदा सापडले होते. व्यवस्थापकाने ती “अस्सल आफ्रिकन सफारी खुर्ची” म्हणून मला दाखविली. वास्तविक तिचे नाव रूरकी खुर्ची असून, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती आपल्या रूरकीच्या लष्करी अभियंत्यांच्या तळावर जन्मास आली, तेथून साहेबाच्या सामानाबरोबर ती आफ्रिकेत उतरली. परंतु वडिलांचे बोट हा पुरावा मी बरोबर नेलेला नव्हता, म्हणून गप्प राहिलो.

हळूहळू माझ्या ध्यानात येऊ लागले, की या स्थळी पाहुण्याला जे विकले जाते ते सुख नव्हे, कारण सुख नैरोबीच्या कोणत्याही हॉटेलात याहून स्वस्त मिळाले असते. येथे विकली जाते ती गैरसोय, मात्र ती धुऊन, इस्त्री करून, चांदीच्या तबकातून. अभयारण्याची जकातच जुलै ते डिसेंबर या दिवसांत परदेशी प्रौढ माणसाला दिवसाकाठी २०० डॉलर आहे. तळाचे भाडे त्याहून वेगळे, आणि ते किती हे जावयांनी आम्हांस अखेरपर्यंत कळू दिले नाही, यात त्यांचा समंजसपणा आहे.

स्नानाचेच पाहा. साताऱ्यास माझे बालपण बंबातल्या पाण्यात व बादलीतांब्यात गेले. त्यानंतर चाळीस वर्षे नोकरी करून, भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढून, मी डोक्यावर फवारा बसविला व स्वतःस प्रगत समजू लागलो. मारात संध्याकाळी एक मनुष्य तंबूच्या मागे येऊन हाक देतो, चुलाणावर तापविलेले पाणी एका बादलीत ओततो, ती बादली दोरखंडाने आपल्या डोक्यावर चढवितो, आणि आपण आत साखळी ओढली की पाणी पडते. म्हणजे प्रगतीच्या अखेरच्या टप्प्यावर तीच बादली पुनश्च येते, फक्त ती उंचीवर गेलेली असते. पहिल्या दिवशी पाणी जरा कढत लागले म्हणून मी आतून सवयीने “बास! बास!” असे ओरडलो, तो काय चमत्कार, बाहेरचा मनुष्य तत्काळ थांबला. त्यांच्या स्वाहिलीतही ‘बासी’ म्हणजे पुरे. या भाषेत असे अनेक सोयरे भेटतात. दुकानाला ते ‘डुका’ म्हणतात, औषधाला ‘दावा’ म्हणतात, मोटारीला ‘गारी’ म्हणतात, चहाला ‘चाय’, पोळीला ‘चपाती’, आणि ज्या ‘सफारी’चा एवढा बोलबाला, ती तर आपली साधी सफर, कोणत्याही प्रवासास त्यांच्याकडे सफारीच म्हणतात, मग तो सिंह पाहण्यासाठी असो की मेहुणीच्या बारशासाठी. यांतले जे अरबी शब्द, ते दोन गलबतांत बसून निघाले, एक किनाऱ्याकिनाऱ्याने झांझिबारला लागले व दुसरे फिरत फिरत दख्खनला आले, इतकेच. वडीलधाऱ्या पुरुषाला ते आदराने ‘म्झे’ म्हणतात, हे मला आवडले. स्त्रीला आदराने ‘मामा’ म्हणतात, आणि पंचवीस तरुण माणसे दिवसभर आमच्या सौ.ला “मामा, चाय?” “मामा, चपाती?” असे विचारू लागल्यावर तिने मला बाजूला घेऊन, “माझं काही पुरुषी दिसतंय का हो?” असे विचारले.

पहिल्या रात्रीचा वृत्तांत सांगणे प्राप्त आहे, जरी तो माझ्या लौकिकास पोषक नाही. अंधार पडल्यावर तळावर एकट्याने पाऊल टाकावयाचे नाही, भोजनास जाताना व परतताना अस्करी बरोबर हवा, असा तेथील दंडक. अस्करी हा आपल्या लष्कराचाच भाऊबंद. आमच्या वाट्याला आलेला अस्करी हा तांबडी शुका पांघरलेला, हाती भाला घेतलेला, ताडासारखा उंच मसाई होता. तो एका हातात कंदील धरून पुढे चाले व आम्ही दोघे त्याच्या पाठीशी जितके लगटून चालता येईल तितके चालत असू. त्याने आम्हांस तंबूत सोडले, गळ्यात घालावयाची एक शिट्टी दिली, व काही भय वाटल्यास फुंका असे सांगून तो अंधारात लुप्त झाला. नदीत पाणघोडे होते. पाणघोडा दिवसा पाण्यात पडून राहतो व रात्री बाहेर येऊन मणभर गवत खातो, हे मी वाचले होते. पण ते गवत तो माझ्या उशापासून चार हातांवर खाईल आणि खाताना एखाद्या स्थूल सभापतीप्रमाणे मधूनमधून गडगडाटी हसेल, हे पुस्तकात नव्हते. अशा अवस्थेत, सौ. आधीच झोपलेली पाहून, मी पांघरुणाखाली पाय लांब केले आणि माझ्या तळव्याला काहीतरी लागले. ते उबदार होते, केसाळ होते, आणि पाय लागताच ते किंचित हालले.

पुढील अर्ध्या मिनिटात मी शिट्टी किती वेळा फुंकली याची मोजदाद नाही. तीन अस्करी, एक व्यवस्थापक व शेजारच्या तंबूतील एक बेल्जियन दांपत्य एवढ्यांच्या समक्ष भाल्याच्या टोकाने पांघरूण उचलण्यात आले आणि जागेवरच पंचनामा झाला तो असा: लोकरीच्या मऊ अभ्र्यात घातलेली, बुचाने बंद केलेली, कढत पाण्याने भरलेली रबरी पिशवी, नग एक. मारा विषुववृत्तापासून दीडेक अंशावर खरा, पण आमच्या महाबळेश्वराहूनही उंच असल्यामुळे तेथील रात्री थंडीच्या असतात, व पाहुण्याचे पाय गारठू नयेत म्हणून संध्याकाळीच अशी पिशवी अंथरुणात सरकवून ठेवतात. शिष्टाचार असा, की ते पाहुण्यास आधी सांगत नाहीत. गलबल्याने सौ. जागी झाली. तिच्या वाट्याची पिशवी तिला निजतानाच सापडली होती, व ‘बिचाऱ्यांना माझ्या कंबरेचं कसं कळलं’ असे मनाशी म्हणून ती तिने मोठ्या कृतज्ञतेने पाठीखाली घेतली होती.

ह्या अपमानावर उतारा म्हणून मी सकाळी उशिरापर्यंत झोपण्याचे ठरविले, आणि त्यासंबंधी मला खात्रीही होती. जावयांच्या पुस्तकावरून मी स्वाहिली अंक पाठ केले होते, आणि उद्या कधी उठवाल असे विचारता अस्करीने ‘सा कुमी ना मोजा’ असे निःसंदिग्ध उत्तर दिले होते. कुमी म्हणजे दहा, मोजा म्हणजे एक, एकूण अकरा. अकरा ही वेळ मला सर्वथा मान्य होती. पहाटे पाचला, मिट्ट काळोखात, कंदील व चहाचे तबक घेऊन तो दाराशी हजर झाला तेव्हा मी घड्याळ त्याच्या नाकासमोर धरले. त्याने अत्यंत शांतपणे आपले म्हणणे कायम ठेवले: अकरा. स्वाहिली लोक तास मोजतात ते सूर्य उगवल्यापासून. सकाळी सात वाजले की त्यांचा एक वाजतो, संध्याकाळी सात वाजले की रात्रीचा एक, आणि म्हणून पहाटेचे पाच म्हणजे रात्रीचे अकरा. सूर्योदयापासून घटिका मोजणाऱ्या पूर्वजांचा मी वारस, मला यात खरोखर काहीच बोलता येण्यासारखे नव्हते. चहा मात्र फर्मास होता.

वन्य पशूंविषयी मी थोडक्यात लिहितो, कारण त्यांनीही आमच्याविषयी फारशी आस्था दाखविली नाही. सिंह दिवसाचे वीसेक तास झोपतो, आणि बाकीच्या चार तासांत आपली गाडी तेथे असेलच असे नाही; आम्ही पाहिलेले सातही सिंह निवृत्तिवेतन मंजूर झाल्यासारखे उताणे पडलेले होते. त्यांतील एकाने एक डोळा उघडून आमच्याकडे पाहिले व प्रकरण दप्तरी दाखल करून तो मिटला. रूझवेल्ट पितापुत्रांनी त्या सफरीत ५१२ जनावरे मारली. केनियात शिकारीस १९७७ साली पूर्ण बंदी झाली, आणि त्या सिंहांच्या चेहऱ्यावर हा हुकूम पोहोचल्याची साक्ष स्पष्ट होती.

विल्डबीस्टांचे मात्र विस्ताराने सांगितले पाहिजे, कारण त्यांच्यात मला माझे खाते दिसले. तेरा लाखांच्या आसपास ही जनावरे टांझानियाच्या सेरेनगेटीतून चाऱ्यामागोमाग उत्तरेकडे येतात, परवान्यावाचून सरहद्द ओलांडतात, आणि मारा नदीशी येऊन थांबतात. नदीत मगरी असतात. पलीकडे गवत असते. अलीकडे आमच्यासह पंधरा मोटारी असतात. आम्ही सकाळी आठला तेथे पोहोचलो, तेव्हा काठावर तीन-चार हजारांचा जमाव होता. आघाडीवरचे एक जनावर पाण्यापर्यंत उतरे, वास घेई, मागे वळून पाही; मागचे त्याच्याकडे पाहत; मग ते बाजूला होऊन दुसऱ्याला पुढे करी. दुसरे तोच विधी पूर्ण करून तिसऱ्याला पुढे करी. ज्यांना नदीच दिसत नव्हती ती मागची जनावरे सारखी पुढे रेटत होती, आणि ज्यांना दिसत होती ती पुढची सारखी मागे सरत होती. दहा वाजता असे वाटले की ठराव पास होणार. एवढ्यात एका झेब्र्याने काही हरकत घेतली आणि सर्व मंडळी पन्नास पावले मागे गेली. अकरा वाजता (आमच्या अकरा, त्यांच्या पाच) सर्वांनी पाठ फिरविली व ज्या माळावरून ती आली होती त्याच माळावर जाऊन निवांत चरू लागली. शेजारच्या मोटारीतले बेल्जियन गृहस्थ हळहळले. मला मात्र आपल्या माणसांत आल्यासारखे वाटले. परतताना वाटेत एक गवा दिसला. मातीने माखलेला, शिंगांची जाड ढाल कपाळावर घेतलेला तो एकांडा नर पाहताच आमच्या चालकाने गाडी चटकन् मागे घेतली. पायी फिरणाऱ्या शिकाऱ्यांनी सिंह, हत्ती, बिबळ्या, गेंडा यांच्या पंक्तीत या जनावराला बसविले ते उगाच नव्हे. इंग्रजीत त्यास बफेलो म्हणतात, आणि इंग्रजी भाषेची ही गरिबी पुढे आमच्या उपयोगी पडली.

तळावर परतलो तो तंबूची साखळी उघडी. वानरांना तेथे साखळ्या उघडता येतात, म्हणून ती दोरीने बांधावी अशी सूचना होती, व ती पाळण्याचे काम माझ्याकडे होते. कंदी पेढ्यांचा रिकामा पुडा चौथऱ्यावर पडला होता आणि झाडावर सातआठ जण बोटे चाटत बसले होते. मेतकुटाला त्यांनी हात लावला नव्हता.

शेवटल्या संध्याकाळी शेकोटीपाशी खुर्च्या टाकून बसलो असता आमचा अस्करी जवळ येऊन उभा राहिला, आणि तीन दिवस मनात ठेवलेला प्रश्न त्याने आपल्या मोडक्या इंग्रजीत अखेर विचारला: “म्झे, तुमच्याकडे गाई किती?” मसाई मनुष्याची ऐपत गुराढोरांवर मोजतात. शिवाय जगातील यच्चयावत गाई देवाने मूळ आपल्यालाच दिल्या, अशी त्यांची पूर्वापार श्रद्धा आहे, तेव्हा या प्रश्नास मालकी हक्काचेही एक अंग होते हे माझ्या तत्काळ लक्षात आले. मी खरे ते सांगितले: एकही नाही. त्याच्या मुद्रेवर जी करुणा उमटली ती मी विसरणार नाही. रात्रीला एवढे पैसे मोजणारा हा पांढऱ्या केसांचा मनुष्य, आणि याच्या दारी एक गाय नसावी! आमची अब्रू सावरण्यासाठी मी म्हणालो, “गाई नाहीत, पण हिच्या माहेरी दोन म्हशी होत्या,” आणि म्हशीला इंग्रजीत जो शब्द आहे तो वापरला.

अस्करीने भाला एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. “बफेलो?”

“दोन. दारात बांधलेल्या.”

“आणि त्यांचं काय करायचे, म्झे?”

“मी काही नाही,” मी म्हणालो. “ही लहानपणी रोज सकाळी त्यांची धार काढायची.” आणि सौ.ने, भाषा न कळताही विषय कळल्यामुळे, दोन्ही मुठींनी धार काढण्याचा अभिनय करून दाखविला. वर, एक म्हैस लाथाळ होती, पण तिला एक चापट दिली की गुमान उभी राही, हेही हाताने दाखविले.

तो काही न बोलता निघून गेला. थोड्या वेळाने मुदपाकखान्यातील मंडळी, पाण्याची बादली चढविणारा, आमचा चालक आणि इतर तीन अस्करी असे एकेक करून शेकोटीपाशी जमले, त्याने आपल्या भाषेत त्यांना सर्व हकीकत सांगितली, आणि ‘म्बोगो’ हा गव्याचा स्वाहिली शब्द कानी पडला की सर्वजण सौ.कडे पाहत. आमची म्हैस आणि त्यांचा गवा ही वेगळी जनावरे आहेत, त्यांचा गवा आजवर कोणी माणसाळविलेला नाही, हा खुलासा करणे माझ्यासारख्या जन्मभर दुरुस्तीपत्रके काढलेल्या मनुष्याचे कर्तव्यच होते. तो मी केला नाही.

रात्री भोजनानंतर अस्करी नेहमीप्रमाणे कंदील घेऊन आला. नदीच्या बाजूला काहीतरी मोठे सळसळत होते. त्याने कंदील सौ.च्या हाती दिला आणि तो माझ्या मागे येऊन उभा राहिला. तंबूपर्यंत आम्ही तिघे त्याच क्रमाने गेलो.